जोडीतला दुसरा

जार्विस पेटवे नववीतच दारातून वाकून आत यायला लागला. मार्लो बेंडसारख्या गावात एवढा उंच मुलगा म्हणजे देवानं चुकून टाकलेलं दान. पण उंचीबरोबर हात द्यायला देव विसरला होता. बास्केटबॉलचा चेंडू फेकला की तो जार्विसच्या छातीवर आदळायचा, नाहीतर बोटांतून निसटून थेट बाकांखाली. पोरं त्याला ‘टाकी’ म्हणायची. गावाच्या पाण्याच्या टाकीसारखा उंच आणि तिच्यासारखाच जागचा न हलणारा.

त्याचा खेळाडू केला तो कॉर्डेल टिब्सनं.

कॉर्डेल त्याच्याच वर्गातला, पण त्याच्या काखेखाली उभा राहील एवढाच. अंगानं काटकुळा, पायांत मात्र वारा. आई मेम्फिसला कामाला म्हणून गेली ती तिकडचीच झाली, तेव्हापासून तो व्हर्लीन मावशीकडे वाढला होता. मावशी कॅटफिशच्या कारखान्यात मासे सोलायला जायची. ती कामावर गेली की कॉर्डेल चर्चच्या मागच्या अंगणात. तिथे एका खांबाला रिंग ठोकलेली होती, जाळी कधीच कुजून गेलेली. जार्विसला त्यानं तिथे उभं केलं आणि दोन उन्हाळे त्याच्याकडे नुसते चेंडू फेकले.

“मी कुठे बघतोय ते बघू नकोस,” तो सांगायचा. “मी बघतो एकीकडे आणि देतो दुसरीकडे. तू फक्त हात वर ठेव.”

“आणि नाही आला तर?”

“येईल रे टाक्या. न यायला जाईल कुठे?”

आणि चेंडू यायचा. पाठीमागून, दोघा पोरांच्या पायांमधून, कधी कधी तर कॉर्डेलची पाठ असताना. अकरावीपर्यंत जार्विसचे हात मऊ झाले. बारावीत तो दर सामन्याला इतके गुण करायला लागला की शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा मिळेना. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आले, सगळे जार्विसचे, हात वर आणि चेंडू रिंगमधून खाली जाताना. चेंडू तिथवर आणला कुणी, हे फोटोत कुठून दिसणार?

कॉर्डेलनं स्वतःचे व्हिडिओ कितीतरी कॉलेजांना पाठवले होते. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी एकच विचारलं, उंची किती? त्यानं खरी सांगितली. तिथेच बोलणं संपलं.

अशा वेळी हॅस्केल कोच आला. टेनेसीतल्या वेदर्ली कॉलेजचा. आला होता अर्थात जार्विससाठी. जार्विसवर त्यांच्या स्वतःच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचाही डोळा होता. पण हा हॅस्केल इतरांसारखा नव्हता. सामना संपल्यावर जार्विसभोवतीचं कोंडाळं बाजूला सारून तो कॉर्डेलपाशी आला आणि म्हणाला, “शेवटून तिसरा पास दिलास ना, तो मी माझ्या संघातल्या मुलांना दाखवणार आहे. तू बघितलंही नव्हतंस त्याच्याकडे.”

आजवर बाहेरच्या माणसानं कॉर्डेलचा पास मोजला नव्हता.

पुढच्या रविवारी हॅस्केल मावशीच्या घरी जेवायला आला. मावशीच्या घरी मासा शिजत नसे. “दिवसभर ज्याचं तोंड बघते त्याला घरी ताटात कशाला बघू?” असं ती म्हणायची. तिनं कोंबडी तळली, पालेभाजी शिजवली, मक्याचा ब्रेड केला. हॅस्केलनं दोनदा वाढून घेतलं.

“बाई, तुमचा मुलगा म्हणजे डोळे आहेत आणि तो पेटवे म्हणजे हात,” तो म्हणाला. “डोळ्यांशिवाय नुसते हात घेऊन मी काय करू? मला जोडी हवी आहे.”

“मग दोघांचे सहीचे कागद एकदमच आणा की,” मावशी म्हणाली.

हॅस्केल हसला. “जार्विसवर दुसऱ्यांचीही नजर आहे, म्हणून त्याची सही नोव्हेंबरात. कॉर्डेलची वसंतात. आमच्याकडे जागांचं गणित तसंच बसतं. पण जागा त्याचीच. पूर्ण स्कॉलरशिप. हा माझा शब्द.”

“शब्द लिहून देता येतो का?”

“मावशी!” कॉर्डेल ओरडला.

“असू दे, असू दे,” हॅस्केल म्हणाला. “आईचं काळीज आहे. विचारणारच.”

तो गेल्यावर मावशी भांडी विसळत राहिली. शेवटचं ताट पुसताना म्हणाली, “जेवला चांगला. पण तुझ्याबद्दल बोलताना दर वेळी जार्विसचंच नाव घेत होता.”

“तुला सगळेच लबाड वाटतात.”

“सगळे नाही वाटत. गोड बोलणारे वाटतात.”

त्याच आठवड्यात डनअवे नावाचा एक म्हातारा कोच शाळेत आला. तासाभराच्या अंतरावर दोन वर्षांचं एक छोटं कॉलेज होतं, तिथला. गाडी खटारा, कोटाची कोपरं झिजलेली. तो जार्विससाठी आलाच नव्हता. कॉर्डेलला म्हणाला, “मला तू हवा आहेस. दोन वर्षं माझ्याकडे खेळ, मग मोठ्या ठिकाणी जाशील. जागा आहे. आज आहे.”

कॉर्डेल हसला. मुद्दाम नव्हे. हॅस्केलच्या शब्दाचं पाठबळ होतं, अंगात वारं भरलं होतं, आणि समोर तो झिजलेला कोट. “माझं वेदर्लीचं ठरलंय, सर,” तो म्हणाला. डनअवेनं मान डोलावली, टोपी घातली आणि निघून गेला.

आता प्रश्न उरला जार्विसचा. त्याला मोठ्या विद्यापीठात जायचं होतं. त्याची आई ओलीथा तर तिथलं मैदान बघून आल्यापासून दुसरं बोलतच नव्हती. हजारो खुर्च्या, टीव्हीचे कॅमेरे. हॅस्केलचा कॉर्डेलला फोन आला. “तू त्याचा मित्र. तुझं तो ऐकतो. मी सांगण्यापेक्षा तू सांग.”

आणि कॉर्डेलनं सांगितलं. चर्चमागच्या अंगणात, रिंगखाली बसून.

“तिथे तुझ्याएवढे सहा जण आहेत रे. तुला चेंडू कोण देणार? तिथला पास देणारा तुला ओळखतो का? तुझा डावा हात उशिरा उठतो हे त्याला माहितीये का?”

“आई चिडेल.”

“चिडू दे. वर्षभरानं टीव्हीवर बघेल तेव्हा शांत होईल. आपण दोघं असलो ना टाक्या, की वेदर्लीही टीव्हीवर येईल.”

जार्विसनं बराच वेळ चेंडू मांडीवर फिरवला. मग म्हणाला, “तू येणार हे नक्की ना? नाहीतर मला काय करायचंय टेनेसीत?”

“नक्की म्हणजे? कोचनं माझ्या घरी बसून शब्द दिलाय.”

नोव्हेंबरात शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं, फुगे लावले. जार्विसनं वेदर्लीची टोपी घालून सही केली. मग सगळे फोटोला उभे राहिले, ओलीथा फोटोपुरती हसली. कॉर्डेल मागे उभा होता, जार्विसच्या खांद्यावर हात ठेवून. त्यासाठी त्याला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

त्या हिवाळ्यात कॉर्डेल जसा खेळला तसा आधी कधीच खेळला नव्हता. शाळेच्या संघानं राज्याच्या राजधानीपर्यंत, जॅक्सनपर्यंत धडक मारली, तिथे उपांत्य सामन्यात हरले. हॅस्केल दोनदा येऊन गेला. दुरून हात केला. दुसऱ्या वेळी बोलायलाही थांबला नाही, पण लांबचा प्रवास होता, घाई असेल, असं कॉर्डेलनं स्वतःला समजावलं. मार्च संपला. फोन केला तर उचलला जाईना. मावशी काही विचारत नव्हती, आणि तिचं न विचारणंच त्याला जास्त टोचत होतं.

एप्रिलात एकदा जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

“बेटा, तुला मी स्वतः सांगायचं ठरवलं,” हॅस्केल म्हणाला. “आम्हाला एक जण मिळालाय. दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळलेला. तेवीस वर्षांचा आहे, अंगानं भरलेला, आल्या दिवसापासून तयार. सध्या सगळीकडे असंच चाललंय. शाळेतल्या पोराला घेऊन दोन वर्षं वाढवायला वेळ आहे कुणाकडे?”

“पण माझी जागा...”

“तीच त्याला दिली.”

“तुम्ही शब्द दिला होतात, कोच. आमच्या घरी बसून.”

“दिला होता. आणि दिला तेव्हा तो खरा होता,” हॅस्केल म्हणाला. आवाजात लाज नव्हती, नुसता थकवा होता. “तुला यायचं असेल तर ये. स्वतःच्या खर्चानं शिक, सरावाला उभा राहा. पुढेमागे बघू.”

स्वतःच्या खर्चानं! मावशीच्या पगारात टेनेसीपर्यंतचं तिकीट निघालं असतं, त्यापुढचं काही नाही. कॉर्डेलनं ‘नको’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग शाळेच्या मागे जाऊन भिंतीवर लाथा घातल्या, बूट फाटेपर्यंत.

डनअवेला फोन करायला त्याला आठवडा लागला. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “जागा होती बाळा. तू हसलास त्या दिवशी होती,” तो म्हणाला. “फेब्रुवारीत भरली.”

जार्विसला कळलं तेव्हा तो लालबुंद झाला. “मी फोन करतो त्याला. सांगतो, कॉर्डेल नाही तर मी पण नाही. बघू काय करतो ते.”

त्या रात्री कॉर्डेलला जरा झोप लागली.

दुसऱ्या दिवशी जार्विस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण कॉर्डेलला बघून जिन्यानं वर गेला. आठवडाभर असंच. रविवारी चर्च सुटल्यावर ओलीथानं कॉर्डेलला पायरीवर गाठलं. कपाळावरची टोपी सारखी करत ती म्हणाली, “हे बघ कॉर्डेल, तुझ्यावर माझी माया नाही असं नाही. पण माझ्या पोरानं तुझं ऐकून मोठं विद्यापीठ सोडलं. आता हेही सोडायला लावू नकोस. त्याच्याकडे उंचीशिवाय काही नाही. ती काय जन्मभर विकत घेणार आहे कुणी?”

“मी काही मागितलं नाहीये काकू.”

“मागू नकोस. मागितलंस तर तो देईल, म्हणून सांगतेय.”

तिच्यामागे, गाडीपाशी, जार्विस उभा होता. मान खाली. कॉर्डेलला वाटलं, यानंच आईला पुढे केलंय. फोनबिन काही केला नाही यानं. घाबरला. तो तरातरा त्याच्यापाशी गेला.

“जा तू,” तो म्हणाला. “खुशाल जा. पण तिथे हात वर करून उभा राहशील ना, तेव्हा मला आठव. गावाची टाकी गावातच बरी दिसते.”

जार्विसचा चेहरा असा झाला की जणू कुणी थोबाडीत मारली. पण तोही ताठ्यात म्हणाला, “तू तुझं बघ ना. माझी काळजी तुला कधीपासून?” हे काय बोलतोय हा, असं कॉर्डेलला क्षणभर वाटलं. पण रागाच्या भरात बोलण्याचा अर्थ कोण लावत बसतो? ऑगस्टमध्ये जार्विस गेला. कॉर्डेल त्याला सोडायला गेला नाही.

मावशीनं कारखान्यात शब्द टाकला आणि कॉर्डेल तिच्याच पाळीला लागला. रबरी बूट, डोक्याला जाळी, हातात सुरी आणि समोरून पट्ट्यावर सरकत येणारे मासे. थंडीनं बोटं बधिर व्हायची. ज्या बोटांना न बघता चेंडू कळायचा, त्या बोटांना आता हातमोजाही कळेना. मावशी शेजारीच उभी असायची. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

वेदर्लीचे सामने फोनवर दिसायचे. बघायचे नाहीत असं ठरवून कॉर्डेल पहिलाच सामना बघायला बसला. जार्विस दुसऱ्या भागात मैदानात आला. रिंगखाली गेला, पाय रोवले, हात वर केला. तेवीस वर्षांचा तो नवा खेळाडू चेंडू घेऊन आला, त्यानं जार्विसकडे बघितलं, आणि चेंडू स्वतःच रिंगकडे फेकला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. जार्विस हात वर करून उभा, आणि खेळ त्याच्याभोवतीनं वाहतोय. एकदाच चेंडू मिळाला, तोही गुडघ्यापाशी, वाईट फेकलेला. निसटला. कोचनं त्याला बाहेर बोलावलं.

कॉर्डेलला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून आलेला आनंद. “भोग आता,” तो फोनकडे बघून म्हणाला. मावशी दारात उभी होती हे त्याला दिसलं नव्हतं.

“कुणाला बोलतोस?” तिनं विचारलं.

“कुणाला नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “तुझं वाईट झालं ते हॅस्केलनं केलं,” ती म्हणाली. “हे मात्र तुझं तू करतोयस.”

नाताळात जार्विस घरी आला. सुट्टी संपली, कॉलेज उघडलं, तरी तो गेला नाही. गावात कुजबुज सुरू झाली. आणि जानेवारीच्या मध्यावर, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना, कॉर्डेलचा फोन वाजला. हॅस्केल.

“कसा आहेस बेटा? सराव चालू आहे ना?” जणू काही घडलंच नव्हतं. “ऐक. तो आमचा तेवीस वर्षांचा पाय मोडून बसलाय. आणि जार्विस फोन उचलत नाही. दोन माणसं कमी, सगळा हंगाम बुडतोय. मी तेव्हाच म्हटलं होतं ना, मला जोडी हवी आहे? तू त्याला घेऊन ये. या वेळी दोघांचे कागद टेबलावर ठेवतो.”

“आणि तो नाही आला तर?”

“तुम्ही जोडीनं या,” हॅस्केल म्हणाला.

कॉर्डेलच्या हातांना माशांचा वास येत होता. त्यानं वाट वाकडी करून थेट पेटवेंचं घर गाठलं. दार जार्विसनंच उघडलं. तो वाळला होता, त्यामुळे आणखीच उंच दिसत होता. दोघंही दारातच उभे राहिले.

“हॅस्केलचा फोन होता,” कॉर्डेल म्हणाला. “आपल्या दोघांना बोलावतोय. मलाही. कागद देतोय.”

जार्विस हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “आत्ता बरं चालतंय तुला? तेव्हा तर नको म्हणालास.”

“कधी?”

“एप्रिलात. मी फोन केला होता त्याला. सांगितलं, कॉर्डेल नाही तर मी नाही. तो म्हणाला, मी कॉर्डेलला ये म्हणत होतो, त्यानंच नको म्हटलं, हवं तर विचार त्याला.”

“स्वतःच्या खर्चानं ये म्हणाला होता तो मला. त्याला नको म्हटलं मी.”

“हे मला सांगितलं नाही त्यानं.” जार्विस दाराच्या चौकटीला टेकला. “मला वाटलं, मला तिकडे ढकलून तू अंग काढून घेतलंस. वर चर्चपाशी तसं बोललास. मग मीही म्हटलं, जाऊ दे.”

“आणि मला वाटलं तू फोनच केला नाहीस.”

घरात ओलीथा कुणाशी तरी फोनवर बोलत होती. खरं तर त्या क्षणी दोघांनी मिळून हॅस्केलला शिव्या घालायला हव्या होत्या, एकमेकांच्या पाठीत धपाटा घालून तिथेच सगळं संपवायला हवं होतं. जार्विस बहुतेक त्याचीच वाट बघत होता. त्याचा चेहरा सैल झाला होता.

पण कॉर्डेलला कागद दिसत होता. “झालं ते झालं,” तो म्हणाला. “आता चल. मी असेन ना तिथे. मी देईन तुला चेंडू.”

जार्विसनं त्याच्याकडे नीट बघितलं. “तुला कळतंय का मी काय सांगितलं ते? त्या माणसानं आपल्याला एकमेकांविरुद्ध वापरलं. तिथे मी चार महिने उभा होतो कॉर्डेल. पोरं मला म्हणायची, आईला बोलव पास द्यायला. तो ऐकायचा आणि हसायचा. आणि हे सगळं ऐकूनही तू मला त्याच्याकडेच परत चल म्हणतोस?”

“एकदाच. हा हंगाम संपेपर्यंत.”

“हे माझ्यासाठी म्हणतोयस की तुझ्यासाठी?”

खोटं बोलता आलं असतं. “माझ्यासाठी,” कॉर्डेल म्हणाला. “मी तिथे मासे सोलतोय, जार्विस.”

“तुझ्यासाठी मी एकदा गेलो होतो,” जार्विस म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

कॉर्डेलनं तिथेच पायरीवर बसून हॅस्केलला फोन केला. जार्विस येत नाही, पण मी येऊ शकतो, उद्यासुद्धा निघू शकतो, असं सांगितलं. स्वतःचा आवाज त्यालाच भिकाऱ्यासारखा वाटला. हॅस्केल म्हणाला, “बरं बेटा, बघतो. कळवतो तुला.”

त्यानं कळवलं नाही. वेदर्लीचा हंगाम वाईट गेला, पण त्याचं खापर दुखापतींवर फुटलं आणि उन्हाळ्यात हॅस्केल जास्त पगारावर दुसऱ्या कॉलेजात गेला. जार्विसच्या मामानं त्याला समुद्राकाठी, गल्फपोर्टच्या गोदीत कामाला लावलं. जाताना तो कुणाला भेटला नाही. कॉर्डेलला ते कारखान्यात कळलं, ओलीथाच्या शेजारणीकडून, डब्याच्या वेळेला.

ऑगस्टमध्ये डनअवेनं आपल्या संघासाठी खुली निवड चाचणी ठेवली आणि कॉर्डेललाही बोलावलं. कॉर्डेल रजा काढून गेला. कारखान्यातल्या वर्षभराच्या थंडीनं बोटं आखडलेली होती, पण पाय अजून चालत होते. एका उंच पोराकडे त्यानं न बघता पास टाकला. त्या पोराला तो दिसलाच नाही. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला.

“बघून दे ना लेका!” ते पोरगं ओरडलं.

पुढचा पास कॉर्डेलनं बघून दिला, सरळ, छातीवर, जसा कुणीही देतो. डनअवेनं संध्याकाळी नावं वाचली. त्यात त्याचं नव्हतं. म्हातारा काहीतरी बोलायला त्याच्याकडे यायला निघाला, पण कॉर्डेल बूट पिशवीत कोंबून तोवर दारापर्यंत पोचला होता. सकाळची पाळी होती आणि गावाकडे जाणारी शेवटची बस सुटायच्या बेतात होती.